लॅमिंग्टन रोड ते धोबीतलाव : गाण्याच्या यंत्रांची खरेदी

गाणे रेकॉर्ड करायचे म्हटले की पूर्वी स्टुडिओचे भाडे आठवायचे. भाडे तासावर. गायक, ढोलकीवाला, बेंजोवाला, कोरस असे सगळे एका दिवशी सुट्टी काढून जायचे आणि घड्याळाकडे बघत गायचे. चूक झाली तरी तीच चाल कॅसेटमध्ये जायची, कारण दुसऱ्या तासाचे पैसे खिशात नसायचे. ज्यांच्याकडे एका तासाचेही पैसे नव्हते, त्यांची गाणी वहीत राहिली. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची गाणी गळ्यातच राहिली.

आज तशी अडचण राहिलेली नाही. एक साधा संगणक, एक माईक आणि दोन-चार यंत्रे असली की घरच्या खोलीत चांगले गाणे तयार होते. पण नवी अडचण अशी, की कोणती यंत्रे घ्यायची? बाजार मोठा, नावे परकी, आणि दुकानदार म्हणतो, "हे घ्या, सगळे हेच घेतात." आपल्या वस्त्यांतील अनेक गायन पार्ट्यांपुढे आणि घरात बसून संगीत रचणाऱ्या अनेक मुलामुलींपुढे हाच प्रश्न आहे. म्हणून आमच्या खरेदीची ही हकिकत.

आमची गायन पार्टी कल्याण पूर्वेची, सात घरांची. गेल्या हंगामातील कार्यक्रमांचे ४५ हजार रुपये शिल्लक होते. सातही घरांनी आपापला वाटा सोडला, तेव्हा ही रक्कम एका जागी राहिली. कुणाच्या घरी मुलीची फी होती, कुणाच्या घरी पत्रे बदलायचे होते. तेव्हा एक रुपयाही वाया जाता कामा नये, हे ठरवूनच आम्ही चौघे एका शनिवारी निघालो. चौघे म्हणजे हार्मोनियमवाले काका, बावीस वर्षांचा ऑक्टापॅडवाला, हे लिहिणारे आम्ही, आणि मावशी.

मावशींचे वय ७१. पार्टीतील सर्वांत जुना आवाज त्यांचा. लग्नातली, पाळण्याची, बाबासाहेबांवरची कितीतरी गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. काही त्यांच्या आईने रचलेली, काही त्यांनी स्वतः. एकही कागदावर नाही. अलीकडे वरचा सूर लावताना त्यांना दम लागतो. खरेदीची घाई होती ती एवढ्याचसाठी.

रेडिओच्या भागांपासून संगणकापर्यंत

कल्याणहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, आणि मग ग्रँट रोड. २०२५ पासून भुयारी मेट्रोचेही ग्रँट रोड स्थानक झाले आहे. स्थानकाच्या पूर्वेला उतरले की पाच-सात मिनिटांत लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे जुनेच नाव घेतात.

हा रस्ता म्हणजे विजेवर चालणाऱ्या वस्तूंची पेठ. आधी रेडिओचे सुटे भाग, मग टीव्हीचे, मग संगणकाचे. फूटपाथवर वायरींची भेंडोळी, रिमोटची कव्हरे, चार्जर मांडलेले. आत शिरले की वितभर रुंदीच्या दुकानात छतापर्यंत खोकी. इथे वस्तूचे नेमके नाव सांगता आले पाहिजे. "गाण्याचं काहीतरी दाखवा" म्हणणाऱ्याला इथे काहीही दाखवले जाते. आणि रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात.

आम्ही घरचा लॅपटॉप पिशवीतून बरोबर नेला होता. सेकंडहँड, चार वर्षे वापरलेला, ८ जीबी रॅमचा. पहिल्याच दुकानात सांगण्यात आले की गाण्यासाठी हा चालणार नाही, नवा घ्या, साठ हजारांपासून पुढे. पण काकांनी आधीच एका जाणत्याकडे चौकशी केली होती. आठ-दहा ट्रॅकचे गाणे करायला असा लॅपटॉप पुरतो. त्याची जुनी फिरती हार्ड डिस्क तेवढी काढून एसएसडी बसवावी. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, म्हणून ती जलद चालते आणि घरघरतही नाही. शेजारच्या गल्लीतील कारागिराने ते काम तासाभरात करून दिले. खर्च चार हजार.

जागा किती लागते याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या प्रतीचा, म्हणजे २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचे, आठ ट्रॅकचे गाणे म्हणजे ३२० एमबी. दहा गाण्यांना तीन-सव्वातीन जीबी. यासाठी साठ हजार लागत नाहीत.

काखेत कळसा

ऑक्टापॅडवाल्याच्या मनात मोठा कीबोर्ड होता. ६१ पट्ट्यांचा, त्यात शेकडो आवाज. किंमत ऐकूनच काका गप्प झाले. तेव्हा दुकानातील एका वयस्क कारागिराने विचारले, "तुमच्याकडे आधीचं काय आहे?" आम्ही सांगितले, रोलंडचा एसपीडी-२० ऑक्टापॅड आणि एक जुना कीबोर्ड. तो हसला. म्हणाला, "मग अजून काय पाहिजे? मागची मिडीची भोकं कधी वापरलीत का?"

मिडी हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. १९८३ पूर्वी एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहज बोलत नसे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील एका वाद्य प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन कीबोर्ड एका वायरीने जोडले गेले. एकावर बोट ठेवले की दुसरा वाजू लागला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून एक भाषा मान्य केली, ती मिडी. तिच्या पाच पिनांच्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. कोणता सूर, किती जोरात, केव्हा सुरू, केव्हा बंद, एवढाच तो निरोप. आवाज कोणता काढायचा ते पलीकडचे यंत्र ठरवते.

एसपीडी-२० हा ऑक्टापॅड १९९८ साली आला. महाराष्ट्रातील किती बँड आणि पार्ट्यांत तो दिसतो हे वाचकांना ठाऊकच आहे. त्याला यूएसबी नाही, पण मिडी आऊट आहे. म्हणजे तो संगणकाला जोडला की त्याच्या आठ पॅडवर मारलेला प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरमध्ये नोंदला जातो, आणि तिथे त्या ठोक्याला हवा तो आवाज देता येतो. जुन्या कीबोर्डचेही तसेच. त्याचे स्वतःचे आवाज पत्र्यासारखे असले तरी पट्ट्या चांगल्या आहेत ना, मग आवाज संगणकातले घ्यायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! नव्या कीबोर्डचे पैसे तिथेच वाचले.

मावशींचा प्रश्न

यावरूनच पुढची निवड ठरली. माईकचा आवाज संगणकात नेणारी जी पेटी, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. लॅपटॉपच्या छोट्या भोकात माईक खुपसून चांगले रेकॉर्डिंग होत नाही. या पेट्या अनेक कंपन्यांच्या मिळतात. फोकसराइटची स्कार्लेट टूआयटू सर्वत्र दिसते आणि ती चांगलीही आहे, पण तिला मिडीची पाच पिनांची भोके नाहीत. स्टाइनबर्गच्या यूआर२२सीला ती आहेत, शिवाय दोन माईक एका वेळी लागतात. गायकाला एक, ढोलकीला एक. आम्हाला हवे होते ते हेच. पंधरा हजारांच्या घरात ती मिळाली.

पण घेण्याआधी लॅपटॉपला जोडून तपासून पाहिली. मावशींच्या कानाला हेडफोन लावला, हातात माईक दिला. त्यांनी एक ओळ म्हटली आणि मध्येच थांबल्या.

"माझ्या मागून कोण म्हणतंय रे?"

"मावशी, तुमचाच आवाज आहे, उशिरा येतोय."

"मग असं कसं गाऊ मी? दुसऱ्याच्या मागं चालल्यासारखं वाटतंय."

हा उशीर कशामुळे? संगणक आवाजाचे तुकडे गोळा करतो आणि गठ्ठ्याने पुढे पाठवतो. गठ्ठा १०२४ नमुन्यांचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला एका फेरीत २३ मिलिसेकंद जातात. जाऊन-येऊन ४६. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे १६ मीटर जातो. म्हणजे मावशींना आपलाच आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ऐकू येत होता. मुलाने सेटिंग बदलून गठ्ठा १२८ वर आणला. आता जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद, दोन मीटरचे अंतर. मावशी म्हणाल्या, "आता माझ्याजवळ आली मी." सगळे दुकान हसले. इंटरफेसबरोबर कंपनी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर देते, तो बसवल्याशिवाय हा गठ्ठा इतका लहान करता येत नाही. आणि सॉफ्टवेअरच्या वाटेने न जाता आवाज थेट हेडफोनमध्ये देण्याची सोयही बहुतेक पेट्यांवर असते, ती आहे का ते विचारून घ्यावे.

ठाकुरद्वारच्या वाटेवर

माईक आणि हेडफोन धोबीतलावला बघायचे ठरले. लॅमिंग्टन रोडने खाली आले की ऑपेरा हाऊस. १९९३ साली बंद पडलेले हे नाट्यगृह २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तिथून पुढे गिरगाव, ठाकुरद्वार, चिराबाजार करीत चालत गेलो. मावशींना टॅक्सी करू म्हटले तर त्या म्हणाल्या, "पैसे यंत्राला ठेवा, पाय माझे आहेत."

वाटेत काकांनी एक गोष्ट सांगितली, ती तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावी. चरणजित सिंग नावाचे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक मुंबईत राहत. १९८२ साली त्यांनी तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. भैरवी, ललत, भूप, मालकंस असे राग आणि खाली नाचाचा अखंड ठेका. तेव्हा त्या तबकडीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-३०३ वर नाचाचे नवे संगीत उभे केले आणि ते जगभर गाजले. २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले, की मुंबईच्या एका वादकाने हे आधीच करून ठेवले होते! २०१५ साली ते वारले.

काकांचे म्हणणे असे, की यंत्रे इतरांकडेही होती. रागांची तालीम बोटांत होती म्हणून त्यांनी त्या यंत्रांतून वेगळे काही काढले. आज त्या तिन्ही यंत्रांसारखे आवाज सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. तालीम मात्र मिळत नाही.

आपल्या बेंजोचेही असेच नाही का? १९१२ साली जपानच्या नागोया शहरात टायशोगोतो नावाचे बटनांचे तंतुवाद्य तयार झाले. ते इकडे येऊन बुलबुलतरंग झाले, त्याला विजेचा पिकअप बसला आणि वस्त्या-वस्त्यांत बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. वाद्य परके होते, वाजवणे आपले झाले.

धोबीतलावची वाद्यपेठ

मेट्रो सिनेमाच्या चौकात जेर महाल ही जुनी इमारत आहे. गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे मुंबईत आलेल्या गावकऱ्यांची राहण्याची ठिकाणे, या इमारतीत आहेत. बोटीवर नोकरी शोधणारे खलाशी इथे उतरत, तसे व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारेही या भागात येत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, हे सर्वश्रुत आहे. फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे वाद्यविक्रीचे नाव याच भागाशी जोडलेले आहे. काचेमागे गिटारी टांगलेल्या पाहून आमचा मुलगा जागचा हलेना.

माईकचे दोन मुख्य प्रकार. कंडेन्सर माईक नाजूक असतो. त्याला ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा इंटरफेसमधून द्यावा लागतो आणि तो बारीकसारीक सगळे टिपतो. डायनॅमिक माईकला वीज लागत नाही आणि तो तोंडाजवळचे तेवढे उचलतो. आम्ही दोन्ही लावून ऐकले. कंडेन्सरमध्ये मावशींचा श्वासही सुंदर आला, पण त्याबरोबर पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि दुकानातल्या पोराचे बोलणेही आले. आमची खोली दहा बाय बाराची, एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा कुकर. तिथे कंडेन्सर काय कामाचा? आम्ही १९६६ पासून चालत आलेला शुअर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक माईक घेतला. याच्या नकला बाजारात फार आहेत. म्हणून पक्क्या बिलावर आणि वॉरंटीवरच घ्यावा, फूटपाथवर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

शेवटचा वाद स्पीकरवरून झाला. मुलाला स्टुडिओचे दोन मोठे स्पीकर हवे होते. मावशींनी त्याला विचारले, "बाळा, रात्री अकराला वाजवशील, तेव्हा भिंतीपलीकडं तान्हं पोर आहे ना?" तो गप्प राहिला. शिवाय लहान खोलीच्या कोपऱ्यात खर्ज घुमतो आणि कानाला खोटे सांगतो. तेव्हा बंद पाठीचे दोन हेडफोन घेतले, एक गाणाऱ्याला, एक रेकॉर्ड करणाऱ्याला. बंद पाठीचे अशासाठी, की हेडफोनमधला ठेका बाहेर येऊन माईकमध्ये शिरू नये. तयार गाणे मोबाइलवर, रिक्षातल्या स्पीकरवर आणि मंडपातल्या स्पीकरवर ऐकून पाहायचे, असे ठरले. आपली माणसे गाणे तिथेच ऐकणार.

सॉफ्टवेअर कोणते?

मुलाच्या मित्रांत एफएल स्टुडिओचे नाव आहे. ठेके रचायला ते खरेच सोपे. पण त्याच्या फुकट चाचणी आवृत्तीत साठवलेले काम पुन्हा उघडता येत नाही. नुसते बोलणे किंवा एकट्याचे गाणे टिपायचे असेल तर ऑडॅसिटी मोफत आहे. ॲपलचा संगणक असेल त्यांना गॅरेजबँड मोफत मिळते. आम्ही रीपर हे सॉफ्टवेअर निवडले. ते ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते, जुन्या संगणकावर हलके चालते आणि छोट्या वापरासाठी परवाना ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. त्यात तयार वाद्ये फारशी नसतात, म्हणून सर्ज एक्सटी हा मोफत सिंथेसायझर त्याला जोडला.

बाजारात एकाने हळूच विचारले, "सगळी सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हमध्ये भरून देऊ का, पाचशे रुपयांत?" काकांनी हात जोडले. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतो हे खरेच. पण आपली गाणी दुसरा नाव न देता विकतो तेव्हा आपण किती चिडतो! मग दुसऱ्याची मेहनत आपण फुकट कशी घ्यावी?

ढोलकी मात्र सॉफ्टवेअरमधून घ्यायची नाही, हे आमचे एकमताने ठरले. सॉफ्टवेअरमध्ये ढोलकीचे तुकडे तयार मिळतात. पण डाव्या पुडीवर तळहात दाबून काढलेला घुमारा आणि गाणाऱ्याच्या शब्दाकडे बघून घेतलेली उठाण तयार तुकड्यात कुठून येणार? खर्ज, तारसप्तकातले सूर, टाळीचे ठोके हे इलेक्ट्रॉनिक चालतील. ढोलकी माईकसमोरच वाजेल.

हिशेब आणि दोन शब्द

एसएसडी ४ हजार, इंटरफेस १५, माईक ९, दोन हेडफोन ६, स्टँड आणि वायरी ३, सॉफ्टवेअर ५. एकूण ४२ हजार. उरलेल्या तीन हजारांतून खोलीच्या प्लगला नीट अर्थिंग करून घेतले. ते नसले तर प्रत्येक ट्रॅकमध्ये घूं असा आवाज बसतो, आणि लोक इंटरफेसला दोष देतात. भिंतीला दोन गोधड्या टांगल्या, गाताना पंखा आणि फ्रिज बंद. शेवटची लोकल गेल्यावर जी शांतता मिळते, ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

घेऊ इच्छिणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. आधी घरात काय आहे ते पाहावे. मग खोली ऐकावी. मग माईक, मग इंटरफेस, मग हेडफोन. सॉफ्टवेअर आधी वापरून पाहून घ्यावे. मोठा कीबोर्ड आणि स्पीकर सर्वांत शेवटी, गरज पडली तर. अंथरूण पाहून पाय पसरावेत. आणि ज्याच्या गळ्यासाठी खरेदी करायची, त्याला दुकानात बरोबर न्यावे.

आजवर मावशींची एकोणीस गाणी झाली आहेत. वरचा सूर लागेना तेव्हा काकांनी पट्टी काळी दोनवरून पांढरी एकवर आणली आणि गाणे पुढे गेले. मुलगा आता ठेका तयार करून आधी त्यांना ऐकवतो, त्या "जरा सावकाश रे" म्हणाल्या की बदलतो. प्रत्येक गाण्याच्या फाईलला आम्ही रचणाऱ्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव, वाजवणाऱ्यांची नावे, गाव आणि तारीख लिहितो. मावशींच्या आईचे नाव असे पहिल्यांदाच कुठेतरी लिहिले गेले. फाईलींची एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवलेली असते. ज्यांच्या घरी अशी गाणारी आजी, आत्या, मावशी आहे, त्यांनी यंत्रे येईपर्यंत थांबू नये. हातातल्या मोबाइलवर आजच चार गाणी टिपून ठेवावीत.